होऊन जाईल

टोलेडोत सकाळचे साडेसात, मॉमी नदी गोठलेली,
चाकणला संध्याकाळचे सहा.
टेबलाच्या मधोमध तीन पायांचा काळा फोन,
चौरंगाभोवती बसावं तसे आम्ही त्याच्याभोवती.
आम्ही काचेच्या बरण्या करतो.
साचे तिकडून येतात.

इंगवले बोलतात इंग्रजीत,
मला त्याच्या मागचं मराठी ऐकू येतं:
"शुक्रवारी ना? होऊन जाईल."

वँडा नोविकी म्यूट दाबते, माझ्याकडे वळते.
"हे हो आहे का?"

काय सांगू वँडाला.
'होऊन जाईल'मध्ये करणारा कुणी नसतो.
काम आपलं आपणच उठतं,
तोंड धुतं,
होऊन जातं.
त्यात कोल्हापूरहून ओतकाम वेळेवर आलं तर असतं,
मोठ्या साहेबांची सही असते,
आणि सगळ्यात जास्त हे असतं, की
एवढ्या लांबच्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं.

मी म्हटलं, "साठ टक्के."
तिनं वहीत लिहिलं, ६०.

तेव्हापासून मी मीटर झाले.
'बघतो' वीस.
'करतो ना', त्या ना मुळे चाळीस.
एकदा ते म्हणाले, झालंच समजा.
मी काही बोलायच्या आत
वँडानं स्वतःच शून्य काढलं
आणि त्याला डोळे काढले.

रात्री दहाला इंगवल्यांचा फोन, खासगीत.
"मॅडम, मी नवीन डिझाइन पाठवलं होतं.
वँडाबाई म्हणाल्या, इंटरेस्टिंग.
म्हणजे आवडलं ना?"

आता यांना काय सांगू.
म्हटलं, हळदीकुंकवाला आलेल्या बाईची साडी बघून
आपल्या बायका म्हणतात ना,
'वेगळीच आहे हो', ते.

"अरे देवा," इंगवले म्हणाले.
मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.
मग हसले, बराच वेळ,
आणि हसता हसता म्हणाले, "बायकोला सांगितलं होतं मी."

फेब्रुवारीत चार हजार बरण्यांच्या तोंडाला
केसाएवढी चीर निघाली.
वँडानं त्या दिवशी म्यूट दाबलं नाही.
म्हणाली, "मिस्टर इंगवले, दुरुस्त साचे शुक्रवारी मिळतील?
नाही म्हणालात तर मी रागावणार नाही.
खोटं हो म्हणालात तर रागावेन."

फोन गप्प.
त्या शांततेत काहीतरी भरायला
माझं तोंड सवयीनं उघडलं.
तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.
बाहेर बर्फ ओढणारी गाडी एक फेरी मारून गेली.

"नो," इंगवले म्हणाले.
लगेच, "सॉरी मॅडम."
मग घसा खाकरून, "बुधवारी. मी करतो."

मी.
दोन वर्षांत पहिल्यांदा त्या वाक्यात माणूस आला होता.
वँडानं वही उघडली नाही.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
बरं वाटलं, आणि थोडं रिकामंही,
लग्न ठरल्यावर मध्यस्थाला वाटत असेल तसं.

बुधवारी साचे निघाले.
म्हणजे गुरुवारी सकाळी,
पण बुधवारी रात्री इंगवल्यांचा स्वतःहून फोन आला,
उशीर होतोय म्हणून.

संध्याकाळी पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडताना
वँडा पलीकडच्या गाडीमागून ओरडली,
"कधीतरी घरी ये, आईच्या हातच्या पिएरोगी खायला."

चौदा वर्षं झाली मला इथे.
त्यांचं हे 'कधीतरी' अजून मोजता येत नाही.
किती जणांची कधीतरी माझ्याकडे साठून आहेत,
एकालाही तारीख नाही.

"येईन ना," मी म्हटलं.
इंग्रजीतसुद्धा तो ना निसटलाच.

तिनं खरवडणं थांबवलं.
"चाळीस?"
"तुझं कधीतरी किती?"

ती विचारात पडली.
हातमोजा काढून
गाडीच्या बर्फाळ काचेवर बोटानं तिनं
एक वार लिहिला.